दिव्याखाली न दिसणारी वटवाघळे

रस्त्यावरच्या दिव्याभोवती किडे जमतात आणि किड्यांमागे वटवाघळे येतात, हे रात्री जेवून ओट्यावर बसणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. खांबापाशी एक काळी फडफड येते, झपकन वळते, काळोखात जाते आणि पुन्हा येते. हे रोज पाहणाऱ्याला कुणी सांगितले की रात्रीचे दिवे वटवाघळांच्या मुळावर उठले आहेत, तर तो हसेल. त्याने पाहिले ते खरेच असते, पण ती दिव्यापाशी येऊ धजणारी वटवाघळे असतात. न धजणारी त्याला दिसणार कशी? या विषयाची सगळी अडचण इथेच आहे. गेल्या तीसेक वर्षांतले बरेचसे संशोधन म्हणजे या न दिसणाऱ्यांची मोजदाद करण्यासाठी काढलेल्या युक्त्या आहेत, आणि मी इथे ज्याचे परीक्षण करतो आहे, ते पुस्तक त्या मोजदादीची हकिगत सांगते.

आधी थोडी ओळख. जगात वटवाघळांच्या चौदाशेहून अधिक जाती आहेत. सस्तन प्राण्यांत उंदीर, घुशी, खारी यांच्या गणाखालोखाल हाच गण मोठा. भारतात सुमारे १३० जाती सापडतात. आपल्या डोळ्यांपुढे येते ते बहुधा वडावर नाहीतर चिंचेवर दिवसाढवळ्या शेकड्यांनी लटकणारे, तांबूस मानेचे मोठे फळखाऊ वटवाघूळ. ते डोळ्यांच्या आणि नाकाच्या भरवशावर जगते. पण जाती मोजायला बसले तर बहुसंख्य वटवाघळे लहान चणीची, किडे खाणारी निघतात. कौलांखालच्या फटीत, देवळाच्या शिखरात, किल्ल्यावरच्या पडक्या कोठारात, लेण्यांत, वापर थांबलेल्या विहिरीत ती राहतात. माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडायचा आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट आणि भक्ष्य शोधायचे, ही त्यांची रीत. मग आवाजावर जगणाऱ्या प्राण्याला उजेडाचे काय, असे कुणीही विचारील. शास्त्रज्ञांनीही हा प्रश्न फार काळ तसाच सोडून दिला होता.

त्यालाही कारण घडले. १७९३ च्या सुमारास इटलीतल्या पाव्हियात लाझारो स्पालान्झानीने पाहिले की मेणबत्ती विझली की घुबड गोंधळते, वटवाघूळ मात्र आरामात उडत राहते. पुढे त्याला कळले की डोळे गेलेले वटवाघूळही तितकेच नीट उडते. जिनीव्हाच्या लुई ज्युरिनने वटवाघळाचे कान बंद केले, तेव्हा मात्र ते धडपडले. कानांनी वाट दिसते ही कल्पना त्या काळच्या विद्वानांना पटण्यासारखी नव्हती. ती दीडशे वर्षे अडगळीत पडली आणि १९३८ नंतर हार्वर्डमध्ये डोनाल्ड ग्रिफिन आणि रॉबर्ट गालांबोस यांनी ती सिद्ध केली. हा शोध इतका दिपवणारा होता की त्यापुढे वटवाघळांच्या डोळ्यांची कुणी विचारपूसच केली नाही. वास्तविक आंधळे वटवाघूळ असा प्रकार नाही. किडे खाणाऱ्या जातींचे डोळे बारीक असले तरी मंद उजेडात चांगले चालतात. दिवस मावळला हे कळायला त्यांना डोळे लागतात आणि आपण दुसऱ्याला कितपत दिसतो आहोत हे जोखायलाही लागतात. ससाणे आणि घुबडे वटवाघळे मारतात. काही जाती तर चांदण्या रात्रीही उघड्यावर यायचे टाळतात. लक्स हे उजेड मोजायचे एकक; पौर्णिमेचा चंद्र जमिनीवर एक लक्सच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी उजेड पाडतो, हे इथे लक्षात ठेवावे. रस्त्याच्या दिव्याखाली दहा-वीस लक्स सहज असतात.

दिवस मावळल्याचे कळणे ही गोष्ट वाटते तेवढी साधी नाही. तिच्यावरचे फार देखणे काम आपल्याच देशात झाले आहे आणि मराठीत त्याची दखल जवळजवळ घेतली गेलेली नाही, म्हणून इथे थोडे थांबतो. मदुराई कामराज विद्यापीठातले एम. के. चंद्रशेखरन, जी. मारिमुथु आणि त्यांचे सहकारी शहराजवळच्या टेकडीतल्या एका गुहेत वर्षानुवर्षे जात राहिले. तिथे नाकावर पानासारखी घडी असलेली हिपोसिडेरोस स्पिओरिस ही लहान वटवाघळे राहतात. आतल्या भागात दिवसरात्र सारखाच काळोख असतो, तरी संध्याकाळी ती ठरल्या वेळी बाहेर पडतात. निघण्याआधी काही वटवाघळे गुहेच्या तोंडाजवळ, जिथवर बाहेरचा उजेड पोचतो तिथवर उडत येतात, गिरकी घेतात आणि परत आत जातात. पुन्हा येतात, पुन्हा जातात. बाहेर अंधार पुरेसा झाला की नाही, याची ही चाचपणी असते. या मंडळींनी एक वटवाघूळ आतल्या काळोखात पिंजऱ्यात ठेवले. त्याला उजेड दिसत नव्हता, तरी आजूबाजूच्या मोकळ्या वटवाघळांच्या येण्याजाण्यावरून त्याने आपले शरीराचे घड्याळ जुळवून घेतले. हे १९८१ साली प्रसिद्ध झाले. १९८४ मध्ये जोशी आणि चंद्रशेखरन यांनी दाखवले की अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग टिकणारा लखलखीत झोत या वटवाघळाचे घड्याळ पुढेमागे सरकवायला पुरतो. यातला एकही प्रयोग प्रकाश-प्रदूषण डोळ्यांपुढे ठेवून केलेला नव्हता. पण किल्ल्याच्या दरवाजावर किंवा लेण्याच्या तोंडाशी लावलेला फ्लडलाइट पाहिला की मला त्या गुहेतल्या येरझारा आठवतात. चाचपणीला येणाऱ्याच्या दृष्टीने बाहेर संध्याकाळ संपतच नाही.

आणि बाहेर पडायला उशीर झाला तर बिघडले काय? डास, माश्या यांसारखे बारीक किडे तिन्हीसांजेला सर्वांत जास्त उडतात, नंतर त्यांची गर्दी ओसरते. अर्धा-पाऊण तास उशीर झाला की दिवसातले मुख्य जेवण हुकते. दूध पाजणाऱ्या मादीला हे परवडत नाही. हंगेरीतल्या बोल्डोग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले की बाहेरून दिवे सोडलेल्या इमारतींत वाढणारी वटवाघळांची पिल्ले अंधाऱ्या इमारतींतल्या पिल्लांपेक्षा लहान राहतात. वटवाघळाला बहुधा वर्षाला एकच पिल्लू होते. उंदराएवढ्या प्राण्याचे हे गणित हत्तीसारखे आहे, तोटा भरून निघायला वर्षे लागतात.

याहून बोलका पुरावा स्वीडनमधून आला. तिथल्या नैऋत्य भागातली जुनी चर्चे ही लांबकान्या वटवाघळांची पिढीजात घरे. १९८० च्या दशकात ६१ चर्चची पाहणी झाली होती, तेव्हा त्यांतल्या ६१ टक्के चर्चमध्ये वसाहती होत्या. यन्स रिडेल आणि त्यांचे सहकारी २०१६ मध्ये पुन्हा तीच चर्चे पाहायला गेले, तेव्हा प्रमाण ३८ टक्क्यांवर आले होते. मधल्या काळात शोभेसाठी कित्येक चर्चवर झोत सोडले गेले होते. वसाहत उठलेले प्रत्येक चर्च या झोतवाल्यांपैकी होते, अंधारात राहिलेल्या चर्चमधल्या वसाहती शाबूत होत्या. इमारतीची एक बाजू काळोखात ठेवली असेल तर नुकसान कमी, चारी बाजूंनी उजळली तर सर्वाधिक. ज्यांनी दिवे लावले त्यांना वटवाघळांशी वैर नव्हते, वारसा रात्रीही दिसावा एवढीच त्यांची इच्छा होती. आपल्याकडे गड-किल्ल्यांवरच्या आणि देवळांवरच्या रोषणाईमागेही हीच इच्छा असते.

घरानंतर वाट. इंग्लंडच्या नैऋत्येला ब्रिस्टल विद्यापीठाच्या एमा स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुंपणाच्या झुडपांच्या रांगांवर लक्ष ठेवले. लहान नालनाकी वटवाघळे या रांगांच्या आडोशाने रोज त्याच वाटेने चरायला जातात. संशोधकांनी या वाटेवर सोडियमचे दिवे उभे केले. दिवे लागले त्या रात्री ये-जा एकदम घटली, जी गेली ती उशिरा गेली, काही दिव्यापर्यंत येऊन माघारी फिरली. दिवसांमागून दिवस गेले तरी ती सरावली नाहीत. हा प्रयोग २००९ चा. पुढे २०१२ मध्ये एलईडी लावून पाहिले, तेव्हा ३.६ लक्स इतका मंद उजेडही या जातीला नकोसा वाटला. वाट तुटली की पलीकडचे रान कितीही समृद्ध असो, त्या वसाहतीच्या उपयोगाचे राहत नाही. उजेडाची भिंत नकाशावर दिसत नाही, म्हणून रस्ता किंवा पूल आखताना तिची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही. इटलीत २०१७ मध्ये पाणवठ्यांवर दिवे लावून पाहिले तेव्हा पाणी पिण्याच्या बाबतीतही हेच आढळले. उडता उडता पाण्याला तोंड लावणारी वटवाघळे उजळलेल्या पाणवठ्यावर यायला कचरतात.

आता ओट्यावरच्या माणसाकडे परत येऊ, कारण त्याची बाजू मांडणारा अभ्यासांचा मोठा गट आहे आणि कालक्रमाने तोच आधीचा. रिडेल यांनीच १९९० च्या सुमारास स्वीडनमध्ये रस्त्यांच्या दिव्यांखाली शिकार करणाऱ्या वटवाघळांचे मोजमाप केले होते. भरभर, उघड्यावर उडणाऱ्या जातींना दिवा म्हणजे आयते ताट. वटवाघळांचा आवाज माणसाला ऐकू येईलसा करणारा बॅट डिटेक्टर कानाला लावून दिव्याखाली उभे राहिले तर हे ऐकू येते: सुटे सुटे टकटक आवाज, मग ते जवळजवळ येत जातात, शेवटी इतके दाट होतात की झर्र असा एकच आवाज उरतो, आणि क्षणभर शांतता. तो किडा संपला. शिवाय सामना बरोबरीचा नसतो. कित्येक पतंगांना वटवाघळाचा आवाज ऐकू येतो आणि तो ऐकताच ते गोता मारून निसटतात. मर्क्युरी दिव्याच्या उजेडात हा गोता मारायचे त्यांच्याकडून राहून जाते, हे १९९८ मध्ये दाखवले गेले. तेव्हा काही वटवाघळांना दिवे मानवतात, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण एकाचे आयते ताट दुसऱ्याच्या पानातून उचललेले असू शकते. स्वित्झर्लंडमध्ये नालनाकी वटवाघळे कमी होत गेली आणि दिव्यांखाली चरणारी लहान पिपिस्ट्रेल वटवाघळे वाढत गेली. दोघांचे खाणे बरेचसे सारखे. रफाएल आर्लेताझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये सुचवले की दिव्यांनी किडे ओढून घेतल्याने पारडे एका बाजूला झुकले असावे. आणि फ्रान्समधल्या देशव्यापी नोंदी २०१६ मध्ये तपासल्या तेव्हा आणखी एक पेच निघाला. एका खांबाखाली फायद्यात दिसणारी पिपिस्ट्रेल, सगळ्या परिसराचा उजेड धरला तर, तोट्यात होती. मोजपट्टी बदलली की उत्तर बदलते. या क्षेत्रातले निम्मे वाद मला या एका गोष्टीवरून झालेले दिसतात. दिव्याखाली मोजणारे आणि परिसर मोजणारे एकमेकांना चुकीचे ठरवत राहतात, आणि दोघांचेही आकडे बरोबर असतात.

रंगाचा प्रश्न अलीकडचा. नेदरलँड्समध्ये कामिल स्पुल्स्त्रा यांच्या गटाने जंगलाच्या कडेला पांढरे, हिरवे आणि लाल दिवे लावून कित्येक वर्षे नोंदी घेतल्या. पांढऱ्या आणि हिरव्या उजेडात बुजऱ्या जाती नाहीशा झाल्या, लाल उजेडात काळोखाइतक्याच टिकल्या. २०१७ च्या या निष्कर्षानंतर न्यूकूप गावातल्या एका वस्तीत लाल पथदिवे बसले आणि त्यांचे फोटो जगभर फिरले. पुढच्याच वर्षी क्रिस्टियन फॉइग्ट यांनी लॅटव्हियाच्या किनाऱ्यावरून दाखवले की स्थलांतर करणारी वटवाघळे लाल दिव्याकडे ओढली जातात. म्हणजे एका हंगामातला उपाय दुसऱ्या हंगामात सापळा होऊ शकतो. २०१८ मध्येच युरोबॅट्स या युरोपीय करारसंस्थेने दिव्यांबाबत मार्गदर्शक पुस्तिका काढली. तिच्यात रंगापेक्षा 'दिवा मुळात लावायचाच का' या प्रश्नाला पहिले स्थान आहे, ते मला योग्य वाटते.

फळखाऊ वटवाघळांवरचे काम फार थोडे आहे. कोस्टारिकात लेवान्झिक आणि फॉइग्ट यांनी २०१४ मध्ये दाखवले की उजेडात ठेवलेली फळे वटवाघळे कमी नेतात. हा मुद्दा विदर्भातल्या वाचकाला मोहाशी जोडून पाहता येईल. मोहाच्या फुलांवर वटवाघळे येतात, फळे तोंडात धरून दूर नेतात, गर खाऊन बी टाकतात. वड, उंबर, पिंपळ यांच्या बियाही वटवाघळे पसरवतात. बिया पडतात त्या वटवाघळाच्या रात्रीच्या वाटेवर, आणि ती वाट उजेडाने वळवली तर झाडांची पुढची पिढी कुठे उगवेल हेही बदलते.

हे सगळे आताच का वाचायचे? कारण दिवा आता स्वस्त झाला. २०१५ मध्ये केंद्राचा पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि देशभर एक कोटीहून अधिक एलईडी पथदिवे बसले. वीज वाचली, हे चांगलेच झाले. पण वाचलेल्या विजेवर आणखी दिवे लागले. आमदार निधीतला हायमास्ट आता गावोगावच्या चौकात असतो आणि त्याचा उजेड चौकापुरता थांबत नाही, शेजारच्या चिंचेवर आणि देवळाच्या शिखरावरही पडतो. उपग्रहाच्या नोंदींनुसार २०१२ ते २०१६ या काळात पृथ्वीवरचा उजळलेला भाग दरवर्षी २.२ टक्क्यांनी वाढला. हा आकडाही कमीच धरावा, कारण त्या उपग्रहाच्या उपकरणाला निळा उजेड दिसत नाही. पिवळे सोडियम काढून निळसर-पांढरे एलईडी लावलेले शहर त्याला आधीपेक्षा अंधारलेले भासते. किड्यांना आणि वटवाघळांना मात्र तोच निळा उजेड नीट दिसतो.

कायद्याची बाजूही हलली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळखाऊ वटवाघळे उंदीर आणि कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच रद्द केली. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. ती मिळाली ताऱ्यांसाठी, पण अंधार राखला तर त्याचा लाभ फक्त दुर्बिणवाल्यांना होणार नाही.

या पार्श्वभूमीवर पुस्तकाच्या लेखिकेने काय केले आहे? युरोपातल्या प्रयोगांचा गोषवारा देऊन 'आपल्याकडेही असेच असणार' म्हणणे सोपे होते. ते तिने टाळले, आणि पुस्तकाची खरी किंमत त्यात आहे. आपल्या जाती वेगळ्या, पावसाळ्याचा तडाखा वेगळा, किड्यांचा हंगाम वेगळा. इंग्लंडातल्या कुंपणाच्या जागी आपल्याकडे ओढ्याकाठची झाडी असते, चर्चच्या जागी लेणे किंवा गढी. प्रत्येक परदेशी निष्कर्षापुढे ती इथला नेमका प्रश्न मांडते आणि उत्तर नसेल तर प्रश्न उघडा ठेवते. स्वीडनला दिव्यांचा परिणाम कळला तो जुनी यादी हाताशी होती म्हणून. तशी यादी आपल्याकडेही आहे, याची आठवण ती वारंवार करून देते. फ्रेंच अभ्यासक ए. ब्रॉसे यांनी पश्चिम आणि मध्य भारतातल्या वटवाघळांवर लिहिलेली लेखमाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९६२-६३ मध्ये आली. वेरूळ-अजिंठ्यापासून मुंबईजवळच्या लेण्यांपर्यंत कुठे कोणती जात राहते, याचे ते बारकाईचे दफ्तर आहे. ते हातात घेऊन त्याच जागा पुन्हा पाहायच्या, कोणत्या उजळल्या आणि कोणत्या अंधारात राहिल्या ते नोंदवायचे, हा कार्यक्रम कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागालाही झेपेल असा तिने आखून दिला आहे. मोजणीची प्रकरणे नवख्या वाचकाला कोरडी वाटतील. ती वगळू नयेत, बाकीच्या पुस्तकाचा पाया तिथे आहे.

एका बाबतीत माझे लेखिकेशी जुळले नाही, तेही नोंदवतो. ग्रामपंचायतींनी मध्यरात्रीनंतर पथदिवे बंद करणारा टाइमर बसवावा, ही तिची पहिली व्यावहारिक सूचना. वीजबिल कमी होते, विरोध कमी होतो, सुरुवात होते, असा तिचा युक्तिवाद. फ्रान्समध्ये २०१५ मध्ये असे अर्ध्या रात्रीचे दिवे तपासले गेले, तेव्हा वटवाघळांना त्याचा लाभ फारसा झालेला दिसला नाही. त्यांची मुख्य लगबग सूर्यास्तानंतरच्या पहिल्या तासा-दोन तासांत असते आणि नेमके तेव्हा दिवे चालू असतात. माझ्या मते टाइमरचे पैसे आधी दिव्यांना खालच्या दिशेची टोपी बसवायला आणि वसाहतीच्या तोंडासमोरचा एक खांब हलवायला खर्च व्हावेत. यावर लेखिकेचे उत्तर शेवटून दुसऱ्या प्रकरणात आहे. खांब हलवायचा ठराव ग्रामसभेत कसा पडतो, ते तिने तिथे सविस्तर सांगितले आहे.